चेक मनोरीला मिळेल

निवडणुकीची देणगी मागायला येणाऱ्यांना रतनशेठच्या ऑफिसात बसायला सोफा एकच. एका टोकाला श्रुतिका टेकली, तसा दुसऱ्या टोकाचा मुलगा अजून थोडा सरकला.

"तू श्रुतिका ना? जोगेश्वरीतून अपक्ष उभी आहेस ती? मी प्रबुद्ध. तुझ्याविरुद्ध उभे आहेत त्या भाऊंचा प्रचार बघतो."

"म्हणजे शत्रू."

"शत्रू बिस्किट देतोय... घे ना."

तिला हसू आलं. पहिलीच निवडणूक होती आणि उधारीवर पत्रकं छापायला प्रेसवाल्याने कालच नकार दिला होता. हसायला निमित्त मिळत नव्हतं.

आधी प्रबुद्धला बोलावलं. चहा घेऊन, भाऊंच्या नावाचा चेक घेऊन तो लगेच बाहेर आला. मग ती आत गेली. शेठने लग्न का केलं नाही ते विचारलं. वडील बरोबर का आले नाहीत तेही विचारलं. शेवटी खुर्चीत रेलून म्हणाला, "देणगी देऊ ना. शनिवारी दुपारी मनोरीला ये, बंगल्यावर. एकटीच ये... निवांत बोलू."

ती तडक उठून बाहेर आली. जिन्यात प्रबुद्ध थांबला होता.

"मिळाला चेक?"

"मनोरीला मिळेल म्हणाले."

त्याचा चेहरा उतरला. "आम्हाला तर इथेच दिला."

"तुमचा उमेदवार पुरुष आहे," ती म्हणाली आणि भराभर जिना उतरली.

त्या आठवड्यात दोघांच्या प्रचारफेऱ्या एकाच गल्लीत समोरासमोर आल्या. तिच्याकडे बघून त्याने हातातला भाऊंचा झेंडा हळूच खाली घेतला. संध्याकाळी मेसेज आला – आवाज बसलाय तुझा, कोमट पाणी पी.

तिने लिहिलं – शत्रूच्या आवाजाची काळजी?

लगेच उत्तर आलं – आवडतो यार तो आवाज... काय करू?

तिने फोन उशीखाली ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा वाचला. शनिवारचं मात्र कुणालाच सांगितलं नाही. बाबांना कळलं असतं, तर त्यांनी निवडणूकच सोडायला लावली असती.

शनिवारी फोन बंद करून ती मनोरीची बोट पकडायला मार्वेच्या जेट्टीवर उभी राहिली. वाऱ्यावर सुक्या बोंबलांचा वास होता. चेक घ्यायचा आणि परत फिरायचं, असं ती स्वतःला बजावत होती. फेरीबोट धक्क्याला लागली... आणि तिकीट खिडकीपाशी प्रबुद्ध दिसला.

आधी जीव भांड्यात पडला. मग अंगावर काटा आला.

"शनिवारी जायचंय हे मी तुला सांगितलं नव्हतं."

त्याने मान खाली घातली. "भाऊंनी पाठवलं. शेठनेच त्यांना कळवलंय. तू बोटीत चढतानाचा फोटो काढायचा, तुझी बदनामी करायला. बंगल्याच्या गेटवर दुसरा माणूस आहे. सकाळपासून तुला फोन करतोय मी, बंद लागतोय."

ती एक पाऊल मागे सरली. "मग ते बिस्किट... ते मेसेज?"

"ते माझे होते, श्रुतिका. हे काम मला आज सकाळी सांगितलं."

"खरं कशावरून?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने तिच्यासमोर स्पीकर लावला.

"काढला का रे?" भाऊंचा आवाज.

"नाही भाऊ. काढणार पण नाही. उद्यापासून येत नाही मी."

भाऊंचा आवाज खाली आला. "तुझी आई याच वॉर्डात राहते ना रे? बघ बाबा..."

फोन कट झाला. प्रबुद्धने लगेच आईला फोन लावून दार आतून लावून घ्यायला सांगितलं. ते ऐकून तिचा विश्वास बसला.

बोट तिला न घेताच सुटली.

"आज चौकात माझी सभा आहे," ती म्हणाली. "मनोरीला का बोलावलं होतं ते माइकवर सांगणार. शेठ आणि भाऊ, दोघांची नावं घेऊन."

"भीती नाही वाटत?"

"खूप वाटते. तुला?"

"मला पण... आणि ऐक. आता नोकरी नाही, देणगी देता येणार नाही. मत मात्र तुलाच. ते गुप्त ठेवायचं असतं म्हणे. तू आवडतेस, हेही तसंच गुप्त ठेवणार होतो."

"बरं झालं, नाही ठेवलंस," ती पुटपुटली.

संध्याकाळी चौक भरला. शेवटच्या रांगेत भाऊंची चार माणसं हाताची घडी घालून उभी होती. बाबा पुढच्या खुर्चीत बसले होते. त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. श्रुतिकाच्या शेजारी स्टेजच्या पायरीवर प्रबुद्ध येऊन उभा राहिला, तशी त्या रांगेत कुजबुज झाली.

सगळ्यांच्या देखत तिने त्याचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने माइक चालू केला.