घरातलं पाचवं माणूस

सकाळी भिंतीवरची पाटी मोठ्यानं वाचून दाखवायची, हे काम अकरा वर्षांच्या ओवीनं आपणहून मागून घेतलं होतं.

"टाकीत पाणी सहा दिवसांचं. कुंड निरोगी. दुधी काढायला झालाय. घरात माणसं पाच."

"चार," भाकरी थापता थापता केतकी म्हणाली.

"पाच लिहिलंय, आई."

"पुन्हा वाच."

ओवीनं पुन्हा वाचलं. पाचच होती. दाराशी बसून पावट्याच्या शेंगा सोलणारे विद्याधर खासनीस, म्हणजे केतकीचे वडील, यांचा हात थांबला. कुठेही माणसं जास्त झाली की जास्तीचं माणूस आपणच असणार, अशी त्यांची जुनी खात्री होती. तीच आता चटकन वर आली.

केतकीचा नवरा सारंग हसला. "पाटीला झोप आली असेल. दुपारी वाचक धुऊन बघतो."

आजऱ्याच्या पुढे डोंगरउतारावर ही एकरवस्ती होती. बारा घरं, प्रत्येकाला एक एकर. त्या एकरात पिकेल ते खायचं आणि खाल्लेलं पुन्हा त्याच मातीला द्यायचं. घरामागे जमिनीत पचनकुंड होतं. खरकटं, मोरीचं पाणी, संडासातलं, गोठ्यातलं शेण, सगळं त्यात जाई. कुंडातले सूक्ष्मजीव ते पचवून स्वयंपाकाला गॅस आणि झाडांना खत देत. कुंडाच्या तोंडाशी लिंबाएवढा एक कुंडवाचक बसवलेला असे. माणसाच्या पोटात आणि कातडीवर कोट्यवधी सूक्ष्मजीवांची वस्ती असते, आणि बोटांच्या ठशासारखी प्रत्येकाची ती वेगळी असते. पाण्याबरोबर ती कुंडात उतरली की वाचकाला कळे, या घरात कोण कोण राहतं आणि कोणाचं काय बिनसलंय, आणि ते पाटीवर उमटे. गेल्या वर्षी सारंगला कावीळ होणार हे वाचकानं चार दिवस आधी सांगितलं होतं.

पण माणसं मोजण्याचं कारण दुसरं होतं. एक एकर चार माणसांचा भार सोसतो, असं वस्तीच्या करारात स्पष्ट लिहिलं होतं. पाचवं माणूस चोरून ठेवलं तर घर सोडायचं. जागेसाठी थांबलेली कुटुंबं पुष्कळ होती.

दोन वर्षांपूर्वी ही मंडळी पुण्याहून आली, तेव्हा प्रत्येकानं एकच खोका आणायचा असं ठरलं होतं. मग एकेक गोष्ट सुटत गेली. फ्रिज गेला, त्याच्या जागी ओल्या वाळूत ठेवलेला माठ आला. आंघोळीचं पाणी केळींना जाऊ लागलं. कपडे फक्त बुधवारी धुतले जाऊ लागले. रोज काय करायचं यावरून होणारी भांडणं कमी झाली, कारण करण्यासारखं समोरच दिसत असे. पुण्यात संगणकापुढे बसून पाठ धरलेला सारंग आता वाफे खणत होता. ओवीचा दमाही थांबला होता. त्यामुळे हे घर सुटणं म्हणजे काय, हे कोणाला बोलून दाखवायची गरज नव्हती.

सारंगनं वाचक काढून धुतला. दुसऱ्या दिवशीही माणसं पाचच आली. तिसऱ्या दिवशी वस्तीच्या कचेरीतून निरोप आला, तपासनीस शुक्रवारी येतील.

"भूत असेल," ओवी म्हणाली. "आजोबा, भुताच्या अंगावर जंतू असतात का?"

"अंग असेल तर असतील," विद्याधर म्हणाले.

"गेल्या आठवड्यात वाचकाला नवी आज्ञावली दिलीय," सारंग म्हणाला. "आधी तो फक्त पोटातले जीव ओळखायचा, आता कातडीवरचेही ओळखतो. त्यातच काहीतरी घोळ असणार."

गुरुवारी दुपारी पाटीवर सविस्तर अहवाल उमटला. केतकीनं तो उभ्या उभ्या वाचला, मग वडिलांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, एक विचारू? रागावू नका."

"विचार की."

"आम्ही शेतात असताना तुमच्याकडे कोणी येतं का?"

"कोण येणार?"

"एखादी बाई वगैरे." ती दाराच्या चौकटीकडे बघत बोलत होती. "म्हणजे आलं तर माझी काही हरकत नाही. फक्त आधी सांगायचं. पाटी म्हणतेय, स्त्री, वय साठीच्या आसपास. खुणा हाताच्या कातडीच्या आहेत, पोटाच्या नाहीत. म्हणजे इथे जेवत नसावी."

विद्याधरांचे कान तापले. "अगं, मला अजून शेजारच्या बाईंशी धड बोलता येत नाही."

"तेच मी सारंगला म्हटलं." तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "आणि एक विचित्र लिहिलंय. त्या बाईचं माझ्याशी साम्य आहे. लहानपणापासून एका घरात, एका हातचं जेवलेल्यांत असतं तेवढं."

 ती गेल्यावर विद्याधरांनी उठून कपाटातली पुस्तकं बाजूला केली. मागे चिनीमातीची लहानशी बरणी होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली.

त्यांची पत्नी शुभदा जाऊन चार वर्षं झाली होती. लग्न होऊन आली तेव्हा तिनं माहेरून विरजण आणलं होतं, आणि पस्तीस वर्षं ते मोडू दिलं नव्हतं. गावाला जाताना ती ते शेजारी ठेवायला देई. दूध कोमट झालं की त्यात विरजणाचा थेंब सोडून ती उजव्या हाताच्या बोटानं ढवळे. चमचा तिनं कधी घेतला नाही. "चमच्याला काय कळतंय, दूध किती तापलंय ते," असं म्हणायची. लग्नानंतर पहिल्याच वर्षी विद्याधरांनी एकदा हौसेनं बोट घातलं, तर दह्याला तार सुटली. शुभदा हसून म्हणाली होती, "तुमच्या हाताला पुस्तकांची धूळ आहे हो." ती ते विसरून गेली. कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं पुस्तकांची सूची करणारे विद्याधर मात्र विसरले नाहीत.

ती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांना फ्रिजमध्ये तिची वाटी दिसली. तिच्या हातचं विरजण आपल्या हातानं बिघडायला नको, म्हणून त्यांनी लाकडी चमचा घेतला. तेव्हापासून चार वर्षं रोज चमचाच. दह्याला त्यांचं बोट कधी लागलं नव्हतं.

वस्तीत बाहेरचं जिवंत काही आणायचं नाही, असा नियम होता. बाराही घरांत दही लागे ते वस्तीनं दिलेल्या पुडीनं, आणि कुंडंही त्याच कंपनीच्या पुडीवर चालत. पण खोका भरताना विद्याधरांनी दोन जाड पुस्तकं काढून बरणीपुरती जागा केली होती. रोज सकाळी आपल्या वाटणीतलं अर्धी वाटी दूध ते बरणीत घालत आणि आदल्या दिवशीचं दही खाऊन वाटी मोरीत विसळत. ते पाणी कुंडात जाई. नवी आज्ञावली आली आणि वाचकाला त्या पाण्यात एक हात सापडला.

बरणी घेऊन ते केळींपाशी गेले. आळ्यात ओतली की झालं. आठ दिवसांत पाटीवर चार माणसं आली असती, कोणाला काही कळलं नसतं, आणि ओवी इथेच मोठी झाली असती. त्यांनी फडकं सोडलं, झाकण काढलं. दही घट्ट लागलं होतं. ते बघत उभे राहिले आणि झाकण पुन्हा लावलं. आपण भित्रे म्हणून ओतत नाही की आज पहिल्यांदाच भीत नाही म्हणून, हे त्यांना ठरवता आलं नाही.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला तपासनीस शीतल पाटोळे स्कूटरवरून आली. तिशीतली, आजऱ्याचीच मुलगी.

"काय वो काका, पावनं लपवून ठेवलंय म्हनं घरात?"

सगळे मोरीपाशी जमले होते. सारंगनं आज्ञावलीबद्दल बोलायला सुरुवात केली. विद्याधर आत गेले आणि बरणी घेऊन आले.

"ही आहे ती बाई," ते म्हणाले. आवाज फार लहान निघाला, म्हणून त्यांना पुन्हा सांगावं लागलं. "घरात कोणी पाचवं नाही. हे विरजण आहे. केतकीच्या आईचं. मी आणलं लपवून. यांना कोणाला माहीत नव्हतं."

शीतलनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बरणीकडे. मग पिशवीतून वाचक काढून त्याची सळई दह्यात बुडवली. छोट्या पडद्यावर अक्षरं आली. स्त्री. साठीच्या आसपास. उजवा हात.

"जिवंत हाय का त्या?"

"नाही. चार वर्षं झाली."

"यंत्र म्हनतंय, हाय." शीतल खाली बसली. "हातावरचे जंतू विरजणात ऱ्हातात, हे ऐकलं होतं. पन रोज ढवळनाऱ्याचे त्यात मिसळत जातात वो. तुमचे कसे न्हाईत?"

"मी चमचा वापरतो."

"का?"

विद्याधर बरणीचं झाकण पुसू लागले. केतकीनंच सांगितलं. "आई एकदा त्यांच्या हाताला हसली होती. मी तीनदा ऐकलीये ती गोष्ट." तिनं बरणी हातात घेतली, नाकाजवळ नेली आणि तशीच उभी राहिली. पुडीच्या दह्याला दोन वर्षांत कसला वास आला नव्हता. सारंगनं ओवीला काहीतरी आणायला आत पाठवलं.

"मला सांगितलं का नाहीत, बाबा?"

"एकच खोका आणायचा होता ना सगळ्यांनी. तू इतकं काय काय सोडलंस. मला वाटलं, हे सांगितलं तर तुझ्या ठरवण्यात अडचण होईल."

केतकीनं बरणीवर झाकण नीट बसवलं.

"नियम सांगते," शीतल म्हणाली. "बाहेरचं जिवंत काही सापडलं तर एक तर मोडायचं, न्हाई तर नोंदवायचं. नोंदीला माझ्याकडं रकाने तीनच. झाड, जनावर, मानूस."

"मग?" सारंगनं विचारलं.

 शीतल कुंडाकडे गेली, झाकण उचलून वास घेतला. "जुलैत वस्तीतली अकरा कुंडं आंबली, आठवतंय? सगळी एका पुडीवरची. एकाला रोग धरला तसा सगळ्यांना धरला. तुमचं तेवढं चाललं. आम्ही म्हटलं, तुमी काळजी घेताय." ती परत आली. "ह्या बाईचा त्यात हात असंल का, मला म्हाईत न्हाई. असंलच असं बी न्हाई. पन बघायला पायजे. तवर मानसाच्या रकान्यात 'पाहुणा' लिहिते, तीस दिवसांसाठी. चार मानसं आनि एक पाहुणा नियमात बसतंय."

"आणि तीस दिवसांनी?"

"तीस दिवसांनी कचेरीत भांडायला मी हाय." निघताना ती दारात घुटमळली. "काका, वाटीभर द्या की मला बी. माज्या घरच्या कुंडात सोडून बघते. थोडं आमालाबी खायला."

विद्याधरांनी वाटी भरून दिली. ती स्कूटर सांभाळत उतारावरून दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांच्या मनात आलं, आता तिच्या घरच्या पाटीवरही शुभदा दिसेल. तिनं पुढे कोणाला विरजण दिलं, तर तिथेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीनं दूध तापवून कोमट केलं. या वेळी दूध पातेलीभर होतं, सगळ्यांपुरतं. पुडीचा डबा तिनं उघडला नाही. विद्याधर सवयीनं लाकडी चमचा घेऊन आले.

"चमच्याला काय कळतंय, बाबा," ती म्हणाली.

"माझा हात लागला तर ती हळूहळू पुसली जाईल, केतकी. शीतल म्हणाली ना, मिसळत जातात."

"मिसळतात म्हणाली. पुसतात कुठे म्हणाली?"

ओवी भिंतीपाशी पाटी वाचायला उभी होती, पण तीही वळून बघत होती. विद्याधरांनी हात धुतले, पुसले, पुन्हा एकदा धुतले. मग बोट दुधात घातलं. दूध बरोबर कोमट होतं, हे त्यांना लगेच कळलं. त्यांनी सावकाश ढवळायला सुरुवात केली. महिनाभरानं तपासणी होईल, तेव्हा त्या दह्यात यंत्राला कोण सापडेल? ती, की ते, की त्या दोघांचं मिळून झालेलं कोणी तिसरंच, ज्याच्यासाठी शीतलच्या कागदावर अजून रकानाच नाही?