नऊ नंबरचा पिंजरा

"चारला आजी येणार," बाई म्हणाल्या. "त्यांना मी काय तोंड दाखवू?"

लोकांना नकोशी झालेली कुत्री-मांजरं सांभाळायची आणि त्यांना नवं घर शोधून द्यायचं, हे त्या छोट्या संस्थेचं काम. बाई तिच्या चालक. त्यांच्यासमोर बसलेल्या अक्का खासगी तपास करायच्या. सोबत त्यांचे भावोजी होते. पोस्टातून निवृत्त झालेला हा गृहस्थ मनाने सोन्यासारखा, पण डोकं जरा सावकाश चालायचं.

चोरीला गेला होता ठोंब्या. चौदा वर्षांचा, दोन्ही डोळ्यांनी आंधळा, हृदयाच्या गोळ्यांवर जगणारा कुत्रा.

"अहो, असला कुत्रा फुकट दिला तरी कोण नेईल?" भावोजी म्हणाले.

अक्कांनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

बाईंनी सगळं सांगितलं. आजोबा वारल्यावर आजी मुलाकडे राहायला गेल्या. तिथे नातीला दमा, म्हणून ठोंब्याला इथे सोडावं लागलं. तेव्हापासून दर गुरुवारी चारला आजी येत आणि पिंजऱ्यापाशी तासभर बसत. आज गुरुवार होता.

"आठला मामांनी त्याला खाताना पाहिलं. नऊला मी आले, तर कुलूप तोडलेलं. कुत्रा नाही, त्याची शाल नाही, गोळ्यांची बाटलीसुद्धा नाही. मी ताबडतोब माझं कुलूप घातलं. तेव्हापासून कुणाला आत पाय ठेवू दिलेला नाही."

नऊ नंबरचा पिंजरा बाईंनी उघडला मात्र, भावोजींना लागोपाठ तीन शिंका आल्या.

"काय हो हे फिनेल! डोकं उठलं माझं."

अक्का वाकल्या, फरशीवरून बोट फिरवलं आणि उठल्या.

मामा मागच्या अंगणातून आले. साठीचा, अबोल माणूस. इथेच राहून बावीस वर्षं जनावरांचं खाणंपिणं आणि साफसफाई एकट्याने बघत होता. नखांत ओली माती होती.

"कुंपणाशी रोपं लावत होतो," ते आपणहून म्हणाले.

"ठोंब्याला शेवटचं कधी पाहिलंत?"

"आठला. खात होता. मग मी पुढे पोती उतरवायला गेलो."

"आज पिंजऱ्यात कशाला हात लावलात?"

"नाही ताई. साफसफाई दहाला असते. आज राहूनच गेली."

अक्कांनी मान डोलावली.

आजींचा मुलगा फोनवर भडकलाच. "मीच त्याला सोडून आलो, तो चोरून परत कशाला आणू? माझी मुलगी आजारी आहे हो." मग आवाज खाली आला. "आई त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाही. सापडला तर कळवा."

राहिला कोपऱ्यावरचा शिंपी. ठोंब्याला घरी न्यायला तो तयार होता, पण तिसरा मजला आणि अंधारा जिना म्हणून बाईंनी नाही म्हटलं होतं. दर रविवारी इथे येऊन मामांना पिंजरे धुवायला मदत करायचा. दुकान बंद करून तो सकाळपासून सायकलवर गल्ल्या धुंडाळत होता.

"त्याची दुपारची गोळी चुकली असणार," तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "आणि नव्या जागी धडपडेल हो. इथे वासावर त्याला कोपरान्‌कोपरा ठाऊक होता. म्हणून तर मामा फिनेल लावू देत नाहीत. आत जनावर असेतो नुसतं पाणी. ते कायमचं गेलं, की मग फिनेल."

अक्कांनी घड्याळ पाहिलं. साडेतीन झाले होते.

"सगळे आत बसा," त्या म्हणाल्या. "मामा, तुम्हीपण."

"गोळ्या आणि शाल नेणारा चोर ठोंब्यावर माया करणारा असणार, असं आपल्याला वाटावं, ही चोराची इच्छा होती," अक्कांनी सुरुवात केली. "मुलाला कुत्रा नकोच होता. शिंप्याला हवा होता, पण ज्याच्या घरी कुत्रा आहे तो उन्हात सायकल हाकत गोळीची काळजी करत हिंडत नाही."

"मग कोण?" भावोजींनी विचारलं.

"शिंका तुम्ही दिल्यात भावोजी, आणि मलाच विचारता? नऊला बाईंनी कुलूप घातलं. म्हणजे फिनेल त्याआधीचं. कुत्रा नाहीसा झालाय हे कुणाला कळायच्या आधीच, तो आता परत येणार नाही, हे एका माणसाला ठाऊक होतं. चोर पिंजरा धूत बसत नाही. इथे आठवडाभर पिंजरे धुतो कोण? तोच मला सांगतो, आज हात लावला नाही. आणि त्याच्या नखांत ओली माती आहे." त्यांचा आवाज मऊ झाला. "मामा, कुठे पुरलंत त्याला?"

मामांनी आपल्या मातीने भरलेल्या नखांकडे पाहिलं.

"कुंपणाशी. शालीत गुंडाळून. पहाटे धाप लागली त्याला. डॉक्टरांना फोन करायला उठणार, तर माझा हात चाटायला लागला. उठवेना मला. उठायला हवं होतं. सहाला गेला."

"पण मग फिनेल कशाला मारलंत?" भावोजी कळवळून म्हणाले.

"कळलंच नाही. जनावर गेलं की पिंजरा धुवायचा, बावीस वर्षं हेच केलं. हात आपोआप चालले." त्यांनी नाक पुसलं. "मेला म्हटलं की संपलं. चोरीला गेला म्हटलं, गोळ्यांसकट, तर कुठेतरी सुखात आहे असं वाटेल आजींना. आजोबांमागे तेवढाच उरला होता त्यांना."

"मग तेच सांगू या," बाई रडत म्हणाल्या. "अक्का, सांगू या ना?"

"चोर शोधायला बोलावलंत, तो शोधला," अक्का म्हणाल्या. "पुढचं मामांनी ठरवायचं."

चारला फाटक वाजलं. आजी काठी टेकत आत आल्या. मामा पुढे झाले, त्यांना बाकावर बसवलं, स्वतः खाली बसले आणि सगळं सांगितलं. चोरीचं सोंगसुद्धा.

आजींच्या डोळ्यांना धार लागली.

"हरवला म्हणाला असतात ना मामा, तर मी दिसेल त्या कुत्र्यामागे धावले असते. जेवला असेल का, कुणी मारत असेल का, ह्याच घोरात मेले असते." त्यांनी पदराने डोळे टिपले. "फार त्रास झाला का हो त्याला?"

"तासभर झाला."

"एकटाच होता?"

"नाही. माझ्या मांडीवर होता."

आजींनी मान हलवली.

"आमचे हे गेले तेव्हा मला दवाखान्यात बाहेर बसवलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांच्याजवळ कुणी नव्हतं."

मामा तोंड झाकून हुंदके देऊ लागले, आणि आजी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.