दिवाणासाठी रडले

"वांगी कशी दिली?"

मान वर केली आणि माझ्या हातातली तागडी कलंडली. डाव्या भुवईवर ताजी खपली, तिच्याखाली हसरे डोळे. अगं बाई, हा तर दिवाण!

बारामतीचा गुरुवारचा बाजार. मी, कन्हेरीची माळ्याची रतन, ठमाआत्याबरोबर माळव्याचे ढीग लावून बसलेली. आणि समोर अंथुर्ण्याचा सोपान... आठवड्यापूर्वी आमच्या जत्रेत अख्ख्या गावानं ज्याला शिव्यांची लाखोली वाहिली, तोच. बारामतीत बोलपट आले, तरी जत्रेला आम्हांला तेच जुनं नाटक लागतं, आजीच्या वेळेपासूनचं. त्यातला कपटी दिवाण राणीवर आळ घेतो, तिला लेकरासकट रानात हाकलतो आणि शेवटी, पार उजाडता उजाडता, मारला जातो. बायका त्याच घटकेची वाट बघत जाग्या राहतात.

"ह्याला काय बी देऊ नगंस गं!" आत्या कडाडली. "मुडदा बशिवला ह्याचा, सोन्यासारखी राणी रानात धाडली!"

"आत्याबाई, राणी म्हंजी आमचा रावजी. मजेत हाय. सकाळीच न्याहारीला चार भाकरी हानल्या त्यानं."

मला खुदकन हसू फुटलं... पण खपलीकडं नजर गेली आणि मी मान खाली घातली. ती खपली माझ्याच हातची होती.

लाज वाटते, तरी सांगते. दिवाण मरताना पाणी मागतो आणि त्याला कुणीच देत नाही. सगळ्या बायका टाळ्या पिटत होत्या आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. वाईट तर वाईट, पण असा एकटा मरतोय म्हणून माझा जीव तुटला. तेवढ्यात आत्या वळली. "रडतीस व्हय गं? त्या मेल्यासाठी?" चारचौघींत मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळे पुसले, "मी न्हाय बाई!" म्हणत जोरात मान हलवली, पायाजवळचं ढेकूळ उचललं आणि दिलं भिरकावून. नेमकं त्याच्या भुवईवर! रक्त ओघळलं, लोकांना वाटलं, कुंकवाचं पाणी असेल. तो मात्र रक्त न पुसता नीट शेवटपर्यंत मेला.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही.

"तुमच्यात वांगी पिकत न्हाईत व्हय?" मी खालमानेनं विचारलं.

"पिकत्यात की. पर ती लाजत न्हाईत."

चौथ्या गुरुवारी आत्या बैलांना पाणी दाखवायला गेली, तसा तो ढिगापुढं उकिडवा बसला. हळूच म्हणाला, "रतन... माझ्या आबांना धाडू का तुझ्या घरी, मागणी घालाया?"

मी तागडी खाली ठेवली. व्हय म्हणावं, तर सगळा संसार खोटेपणावर. सांगावं, तर...

"ढेकूळ मी मारलं," एका दमात बोलून गेले. "तुमच्या कपाळावर... मीच."

"ठाऊक हाय."

"आं?"

"उजाडलं व्हतं की. पाच वरसं मरतोय मी त्या नाटकात. समदी हसत्यात. त्या दिशी एकजण रडताना दिसली, म्हून तिच्याकडंच बघत मरत व्हतो. तर तिनंच ढेकूळ उचललं." तो हसला, पण नेहमीसारखं नाही. "ढेकळाचं काय न्हाय गं. पर डोळं पुसून आत्याफुडं मान हलवलीस, ते लई लागलं. चारचौघींत माझी लाजच वाटनार असंल, तर आत्ताच सांग... आबांना न्हाय धाडत."

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. तेवढ्यात आत्या परतली. "आला व्हय मुडदा पुन्यांदा?" शेजारच्या फुलाबाई, कुशाबाई माना वळवून बघायला लागल्या. मी खालमानेनं वांगी रचायला लागले. सोपान माझ्याकडं एकदा बघून उठला आणि वांगी न घेताच निघाला. चार पावलं... पाच...

मी उठले.

"आत्या!" इतक्या मोठ्यानं ओरडले की पलीकडच्या कांदेवाल्यानंही वळून बघितलं. "त्या दिशी मी रडत व्हते! ह्यांच्यासाठीच रडत व्हते. आन् हे पुन्यांदा मेले तर पुन्यांदा रडंन!"

फुलाबाईंनी तोंडाला पदर लावला. सोपान जागीच थबकला, पण वळेना.

आत्यानं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्या पाठीकडं. "अरं ए मुडद्या," ती म्हणाली, "पोरीनं तुझ्यापायी अब्रू येशीला टांगली आन् तू पाठ दावतूस व्हय? हिकडं बघ की!"

तो वळला. बघते तर काय, दिवाणाच्या डोळ्यांना धार लागलेली.