शेवटच्या कांड्याचा ठसा

"मी चोर नाही, आणि इथं रडायलाही आलेली नाही," दारातूनच ती मुलगी म्हणाली.

बारामतीत, टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीबाहेर पाटी होती: 'नकोशी देवकाते, खासगी तपास'. नकोशीने पायानेच खुर्ची पुढे सरकवली. कोपऱ्यात चहा ओतणारा बिरदेव तिचा चुलतभाऊ. तो तिची गाडी वेगात चालवायचा. डोकं मात्र घाट चढल्यासारखं, दम खात खात चालवायचा.

मुलगी शेळगावची श्रेया, दहावीतली. शाळेच्या गेल्या आठवड्यातल्या आनंद मेळाव्यात यंदा कुपनं नव्हती. श्रेयाने स्वतः बनवलेलं डिजिटल नाणं चाललं होतं. नाव 'कांडी'. देवघेवीच्या नोंदींचा एकेक गठ्ठा म्हणजे उसाचं एक कांडं, आणि प्रत्येक कांड्यावर मागच्या कांड्याचा ठसा.

"ठसा म्हंजी?" बिरदेव म्हणाला.

"दादा, चरकात ऊस घातला की रस निघतो. रसावरनं ऊस परत उभा करता येतो का?"

"येडी का काय!"

"तसंच. नोंदी आत टाकायच्या, ठसा बाहेर. ठशावरनं नोंदी काढता येत नाहीत. आत एक टिंब बदललं, तरी ठसा पार वेगळा. म्हणजे मधल्या कांड्यात कुणी हात घातला, तर पुढच्या कांड्यावरच्या ठशाशी ते जुळणार नाही. ऊस तिथंच मोडलेला दिसणार."

"मंग भानगड काय हाय?"

"मोडलेला नाही, हीच!" श्रेयाने मांडीवर हात आपटला. "लॅबच्या कॉम्प्युटरवर दिसतंय, ऋषिराजच्या वडापावच्या स्टॉलवरनं दोनशे कांड्या माझ्या रसाच्या स्टॉलला आल्या. मी घेतल्या नाहीत. पण सगळे ठसे जुळतायत. मॅडम म्हणतात, तुझ्याच नियमानं ही नोंद अस्सल, म्हणजे चोरी तूच केलीस. शनिवारी इथं बारामतीला विज्ञान प्रदर्शन आहे. माझ्याऐवजी ऋषिराज येणार, आणि मी माफीनामा लिहायचा. मी नाही लिहिणार!"

"मेळावा संपला तेव्हा शेवटचा ठसा काय होता?" नकोशीने विचारलं.

"पहिली चार अक्षरं मेळाव्यात प्रोजेक्टरनं भिंतीवर मोठ्ठी दिसायची. पण मी दिवसभर भिंतीकडं पाठ करून कीबोर्डवर. नाही आठवत. आठवतंय असं खोटं सांगू का?"

"नको," नकोशी पहिल्यांदा हसली. "बिरूदादा, गाडी काढ."

इंदापूरच्या अलीकडेच शाळा होती. व्हरांड्यात आठ-दहा मुलींचा घोळका उभा होता. नकोशीला बघताच सगळ्यांच्या मुठी मिटल्या आणि पाठीमागे गेल्या. नखांच्या कडा केशरी दिसत होत्या.

"चोरून बोरं खात्याती," बिरदेव कुजबुजला.

मुख्याध्यापिका सुप्रिया मॅडमच्या खोलीत नियमांचा फलक होता: नेलपॉलिश, मेंदी, मोबाइल यांना सक्त मनाई.

"नकोशी?" मॅडमनी कार्ड चिमटीत धरलं. "ही असली नावं तर बदलून मिळतात ना?"

"मिळतात. मला बदलायचं नव्हतं. नोंद कुणाला दिसली?"

"मलाच. प्रदर्शनाच्या अहवालासाठी सोमवारी लॅब उघडली तेव्हा. लगेच कुलूप लावलं. तेव्हापासून आत कुणाला सोडलेलं नाही. ते ठसेबिसे मला कळत नाहीत, पण नोंद वाचता येते मला."

"त्याआधी चावी?"

"ऑफिसात, खिळ्याला."

मॅडमनी उघडून दिलेल्या लॅबमध्ये, कॉम्प्युटरवर शेवटचा ठसा सुरू होत होता 'सात-सी-एक-ई' असा. नकोशीने तो मनात ठेवला.

ऋषिराज तणतणतच आला. "मी? ताई, वडे तळता तळता वर बघायला पण सवड नव्हती! भिंतीवर काय होतं, मला इचारू नका. मला बारामतीला जायचंय, पण असं न्हाय. पोरं 'बदली खेळाडू' म्हणून चिडवत्यात."

मग कॉम्प्युटर शिकवणारे यशराज सर. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा.

"मेळाव्यानंतर मी लॅबमध्ये पाऊल ठेवलेलं नाही," ते म्हणाले.

"शेवटचा ठसा आठवतो?"

"न आठवायला काय झालं? सात-सी-एक-ई. भिंतीवरच वाचला की, सगळ्यांसमोर."

"लॅबमधल्या श्रेयाच्या प्रकल्पाच्या फलकावर तुमचं नाव नाही."

सरांचं हसू थोडं आखडलं. "हट्टी पोरगी. मार्गदर्शक म्हणून नाव लाव म्हटलं, तर तोंडावर म्हणाली, काय शिकवलंत ते सांगा, लावते."

बाहेर येताच बिरदेवने मान हलवली. "नकू, संपलं बघ. सरांचं आन् कॉम्प्युटरचं बराबर जुळतंय. पोरगी गेली कामातनं."

"जुळतंय खरं," नकोशी म्हणाली. "जरा जास्तच जुळतंय. तू इथंच थांब." ती पाण्याच्या नळाकडे, मुलींच्या घोळक्यात गेली. थोड्या वेळाने तिकडे हसण्याची खसखस पिकली.

दुपारी सगळे सभागृहात जमले. श्रेया पुढच्या रांगेत ताठ बसली होती.

"मॅडम," नकोशी म्हणाली, "ऊस मोडलेला नाही, म्हणजे कुणी हात घातला नाही, हे अर्धंच खरं. मधलं कांडं बदलायचं आणि पुढचं प्रत्येक कांडं नव्या ठशासकट पुन्हा बनवायचं. ऊस अखंडच दिसतो. फक्त शेवटचा ठसा बदलतो."

"मंग खरी क्रिप्टोची नाणी कशी टिकत्यात?" बिरदेवने मध्येच विचारलं.

"तिथं एकेक कांडं जोडताना कॉम्प्युटरचा घाम निघतो. आणि तोच ऊस हजारो जणांकडं असतो. तुझ्या एकट्याचा वेगळा निघाला, तर कोण विचारतंय तुला? इथं ऊस एकाच कॉम्प्युटरवर होता. निदान बदलणाऱ्याला तसं वाटलं. मॅडम, आजच्यापुरता मेंदीचा नियम बाजूला ठेवाल?"

मॅडम गोंधळल्या, पण 'हो' म्हणाल्या.

मग नववीतली स्वराली उठली. तिने मूठ उघडून हात वर केला.

"मी रसाच्या स्टॉलमागं चोरून मेंदी काढत होते. शेवटी भिंतीवर हिरवी अक्षरं थांबली, ती सगळ्यांना आवडली. आपल्या शाळेच्या नाण्याची आठवण म्हणून काढली."

तळहातावर, फुलांच्या मधोमध, 'डी-नऊ-ए-चार'.

दुसरा हात वर गेला. तिसरा. मग सगळेच. प्रत्येक तळव्यावर तीच चार अक्षरं.

"आज काढली असेल!" यशराज सर ओरडले.

"आजची मेंदी अखंड, ताजी असती, सर. ही जागोजागी उडून, विटून पिवळी पडलीय." नकोशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "भिंतीवर थांबला तो ठसा डी-नऊ-ए-चार. सात-सी-एक-ई नोंद बदलल्यावर जन्मला, आणि तो फक्त लॅबमध्ये होता. तुम्ही तर तिथं पाऊलच ठेवलं नाही. मग वाचलात कुठं?"

सरांनी दाराकडे पाहिलं. दारात बिरदेव उभा होता. एवढं त्याला बरोबर समजलं होतं.

"एक नाव लावायला काय जात होतं तिचं?" सर पुटपुटले.

"खरं जात होतं," श्रेया म्हणाली. मान खाली गेली नाही.

मॅडमनी माफीनाम्याचा कोरा कागद स्वतःच्या हाताने फाडला. "शनिवारी बारामतीला श्रेयाच जाईल. आणि सर, तुम्ही माझ्या खोलीत या."

ऋषिराजने सगळ्यांत आधी टाळी वाजवली.

श्रेया मात्र सरळ स्वरालीपुढे जाऊन बसली आणि मॅडमच्या देखत तळहात पसरला. "काढ. प्रदर्शनात आधी हाच दाखवणार." मॅडमनी त्या तळहाताकडे पाहिलं, मुलींकडे पाहिलं, आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दप्तराच्या तळातून कोन निघाला. श्रेयाचा हात भरला, तशी स्वराली लाजत नकोशीकडे वळली.

"ताई, तुमच्या हातावर काय काढू? मोर?"

नकोशीने बाही वर सारली.

"माझं नाव काढ. मोठ्या अक्षरात."