सूर विरल्यावर

दचकीला त्या दुपारी दवाखान्यात जाऊन एकच वाक्य बोलायचं होतं. वाटभर ती ते घोकत होती. ‘काका, त्या दिवशी मला काहीच ऐकू आलं नव्हतं.’

दचकी हे नाव तिला मंडळानं दिलेलं. साधं दार वाजलं तरी दचकायची, म्हणून. मंडळ म्हणजे साठच्या दशकातल्या एका चौघांच्या रॉक बँडचे पाच-सहा वेडे. रविवारी डॉक्टरकाकांचा दातांचा दवाखाना बंद असायचा, तेव्हा त्याच्या वेटिंग रूममध्ये जमायचे. लवंगेच्या तेलाचा वास, त्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर, आणि दर वेळी तोच वाद: बँडचा खरा बहर कोणता? काकांचं मत ठाम होतं. “पोरांनी गर्दीपुढं वाजवणं सोडलं आणि स्टुडिओत कोंडून घेतलं ना, तो! तोवर ते वाद्यं वाजवत होते. तिथून पुढं खोली वाजवायला लागले!”

म्हणून मंडळाची एक रीत होती. गाण्याचा शेवट विरत जायला लागला की काका हलक्या हातानं आवाज चढवत न्यायचे. सूर मरायचा, स्टुडिओची खोली उरायची. त्या खोलीत मग खुर्ची करकरायची, कुणी कागद उलटायचं, कुणी श्वास सोडायचं. ज्याला नवं काही ऐकू येईल, त्या दिवशी मान त्याचा.

दचकीला कधीच काही ऐकू यायचं नाही. “कॉलेजात कान तपासून घेत नाहीत वाटतं!” मंडळातला चष्मेवाला एकदा म्हणाला. सगळे हसले, तीही हसली. आणि पुढच्याच रविवारी ती बोलून गेली, “शेवटी एक बाई ‘हं’ म्हणते... हळूच. गोष्ट ऐकताना हुंकार देतात ना, तसं.”

मग चष्मेवाला म्हणाला, “अगं, हो की!”

आणि डॉक्टरकाका तोंडाला रुमाल लावून रडायला लागले. काकू जाऊन वर्षही झालं नव्हतं. काका जेवताना दिवसभराचं सांगत बसायचे आणि काकू भाकरी मोडता मोडता अशाच ‘हं’ म्हणत राहायच्या.

तेव्हापासून काकांनी पेशंट बघणं सोडलं. जेवण सोडलं. दिवसरात्र त्या ‘हं’साठी तोच शेवट ऐकत बसायचे. शेवटी त्यांच्या सुनेचाच फोन आला. “वाळून काटकी झालेत गं. तूच सांगितलंयस ना त्यांना? मग तूच सांग काय ते. काही नाही म्हणावं तिथं.”

शटर अर्धं खाली होतं. वहिनी, म्हणजे काकांची सून, काउंटरमागं उभ्याच होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. दचकी आत गेली. पडदे ओढलेले. काका पेशंटच्या खुर्चीत आडवे, समोर दोन स्पीकर, आवाज पुरता चढवलेला. नुसती खरखर चालली होती.

“ये दचके. बस.”

“काका... मला एक सांगायचंय.”

*हं.*

ती दचकली. काकांचे ओठ मिटलेलेच होते. तिनं रेकॉर्ड प्लेअरकडं पाहिलं. तबकडी फिरत नव्हती. तबकडी तिच्या कव्हरमध्ये होती, काकांच्या मांडीवर.

“बोल बोल,” काका कुजबुजले. “ती ऐकतेय.”

“त्या दिवशी... मला नीट ऐकू आलं नव्हतं. वाटलं, काहीतरी आहे...”

हुंकार आला नाही. खरखर मात्र दाटून आली, कुणीतरी तोंड जवळ आणून थांबावं तशी. लवंगेच्या वासात ताज्या भाकरीचा वास मिसळला. दचकीच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“नाही. काहीच वाटलं नव्हतं. मी बनवून सांगितलं.”

*हं.*

“सगळ्यांनी हसू नये म्हणून.”

*हं.*

झालं होतं. एवढंच तर घोकलं होतं. पण ती खरखर अजून थांबून होती. दचकीला मान वर करवेना.

“तुम्ही रडलात ना काका... तेव्हा मला... बरं वाटलं. म्हटलं, माझ्या एका शब्दानं...”

*हं,* आवाज म्हणाला. अगदी मायेनं. तेच तिला सोसवलं नाही.

काकांनी डोळे मिटले होते. “मला ठाऊक होतं गं,” ते म्हणाले. “ही तबकडी माझ्याकडं लग्नाच्या आधीपासून आहे. तिच्यात काही नव्हतं. तू म्हणालीस, आणि ती आली. आता तू ‘नाही’ म्हणू नकोस कुणाला. जाईल ती.”

दचकी कशीबशी बाहेर आली. वहिनींनी तिचा हात धरला. हाताला साबणाचा गारवा होता.

“सांगितलंस ना? काही नाही म्हणून?”

आतून खरखरीचा आवाज येईनासा झाला होता.

“हो वहिनी. सांगितलं. पटलं त्यांना. आता जेवतील.”

वहिनींनी सुटकेचा श्वास टाकला आणि शटर वर करायला गेल्या.

दचकी काउंटरपाशी एकटीच उभी राहिली, कान देऊन. हुंकार आला नाही. फक्त तिच्या मानेमागं, केसांना लागेल इतक्या जवळ, कुणीतरी श्वास रोखून तिच्या खऱ्या शब्दाची वाट बघत होतं.