बाहेरची कडी

"जाऊन बघ, जाऊन बघ! अगं आक्का, तू तिकडे लांब बसून बोलतेस, तुझं काय जातं? चार गिऱ्हाइकांसमोर आई म्हणाली, याचा एक जोड धड टिकत नाही. तुला म्हटलं असतं तर गेली असतीस तू?"

आक्का तिथं नव्हतीच. तिनं फोन ठेवून तास झाला होता, तरी वेल्डर ग्राइंडर फिरवत मोठ्या बहिणीशी एकटाच भांडत होता. शेवटी त्यानं पळवाट काढली. सतरा वर्षांच्या पोरीला लाल जाकीट घालायला लावलं, हातात जेवणाचा डबा दिला आणि झाडीपलीकडच्या आजीकडे पिटाळलं. स्वतः जायचं म्हणजे नाक कापून घेणं.

भांडणाला वीस दिवस झाले होते. म्हातारीच्या घरात एक बोलकी डबी होती, तिची जोडीदारीण याच्या दुकानात. संध्याकाळ झाली की आई त्यातून हाक मारायची. भांडण झालं त्याच दिवशी यानं आपल्या डबीला आपला आवाज शिकवला. "हो, जेवलो. काम आहे. झोप आता." एवढंच. म्हातारी खूश, आपल्या डोक्याला ताप नाही. स्वतःच्या हुशारीवर तो गालातल्या गालात हसलाही होता.

पोरगी दुपारीच परत आली. डबा तिथल्या खिडकीत, गजांबाहेर ठेवून पळाली होती. ओठ पांढरे पडलेले.

"आजीनं आत ये म्हटलं," ती म्हणाली. "मी विचारलं, आजी, तुझा आवाज एवढा मोठा का गं झालाय? तर म्हणे, तुला नीट ऐकू यावं म्हणून. मग विचारलं, मधे श्वास का घेत नाहीस? तर... गप्पच झाली."

तो खेकसला, असल्या भुताच्या गोष्टी तुझ्या आईला सांग. पोरगी जागची हलली नाही.

"कडी बाहेरून होती, बाबा. कुणी घातली?"

"वाऱ्यानं पडली असेल."

वाऱ्यानं कडी पडत नसते. लोखंडात जन्म गेलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको. त्या दिवशी दुकानातून आईला तिच्या घरी सोडून निघताना रागानं दार आपटलं, तेवढं त्याच्या लक्षात होतं. आपटल्यावर हात कुठं गेला, ते आत्ता आठवलं.

पोरीला बाहेर काढून त्यानं डबीत साठलेलं बोलणं लावलं. पहिल्या संध्याकाळी आई म्हणत होती, "अरे, चेष्टा पुरे. कडी काढ." वर याचा आवाज, हो, जेवलो, काम आहे, झोप आता. पाचव्या दिवशी ती म्हणाली, पीठ संपत आलंय रे. हो, जेवलो. नवव्या दिवशी नुसता खोकला, त्यालाही तेच उत्तर. दहाव्या दिवसापासून मात्र आईचा आवाज एकदम ठणठणीत. "मी बरी आहे बाळा, तू काम कर." रोज तेच, तसंच, एका दमात. दोन डब्या एकमेकींची खुशाली विचारत बसल्या होत्या.

तो धावत सुटला. मागून पोरगी. ऊन अजून होतं, पण झाडीत एक पाखरू बोलत नव्हतं. घराला दार एकच, आणि खिडक्यांना गज यानंच बसवलेले. ते वाकवायला आतून कुणीतरी जीव खाऊन जोर लावला होता. एकही जोड सुटला नव्हता.

डबा खिडकीत होता. रिकामा, धुतलेला, पालथा घातलेला. अजून निथळत होता.

"आई..."

आतून त्याचाच आवाज आला. "हो, जेवलो. काम आहे. झोप आता." आणि त्यामागून, हळूच, पोरीचा. "आजी आत्ताच जेवलीय, बाबा... हळू बोला."

पोरगी त्याची बाही धरून शेजारी उभी होती. तोंड घट्ट मिटलेलं.

त्यानं कडीवर हात ठेवला. पुन्हा हाक मारायला तोंड उघडलं, आणि मान आपोआप खाली गेली. हाच आवाज तिनं रोज ऐकला होता. पोरीकडे न बघता त्यानं फोन लावला.

"आक्का, काही विचारू नकोस. कडी मीच घातली होती... मीच. आता काढतोय. माझ्या हाकेला ती ओ देणार नाही. तू मार हाक."