राधेश्यामची विंच

शहागडला हायवेच्या कडंला बेबीनंदाचं गॅरेज हाय. पोरांनो, तुमच्यातल्या कुणी तिथं पंक्चर काढलं बी असंल. ही तिचीच गोष्ट, तिच्या दिरानं, प्रितमनं, माझ्या ओट्यावर बसून सांगितलेली. मागच्या मार्गशीर्षातली. अमोशेची रात.

नवरा गेल्यावर भाऊबंद म्हणाले, गॅरेज विकून टाक, बाईमाणसाला हे झेपायचं न्हाई. तिनं ऐकून घेतलं, अन् दुसऱ्याच दिवशी जालन्याच्या भंगारातून एक जुनी विंच घेऊन आली. जीपच्या तोंडाला बसवतात ती. बॅटरीवर मोटर फिरती, तारेचा दोर ड्रमवर गुंडाळत जातो, अन् फसलेली गाडी ओढून निघती. उसाचा हंगाम सुरू झाल्ता, ट्रॉल्या रोज रुतून राह्यल्या होत्या.

भंगारवाल्यानं खरं ते सांगून टाकलं. ही विंच राधेश्यामच्या जीपची. गोदावरीत रुतलेला ट्रक काढताना तो जीपसकट पाण्यात गेल्ता. जीप घावली. राधेश्याम घावला न्हाई.

"लोखंडाला काय म्हाईत कोण मेलं ते," बेबीनंदा म्हणाली.

घरी आणून तिनं ती समदी खोलली. मोटरीतून गाळ निघाला. मोटरीला वीज पोचवणारे कार्बन झिजल्ते, ड्रमचा ब्रेक जळाल्ता, दोराच्या तारा उसवल्त्या. तिनं गिअर डिझेलनं धुतले, ग्रीस भरलं, कार्बन, ब्रेक अन् दोर नवे घातले. विंच गॅरेजच्या जीपवर चढवली तव्हा अंधार पडून गेल्ता.

"वहिनी, आज अमोशा हाय. उद्या बघू," प्रितम म्हणाला.

"पहाटं ट्रॉली फसली तर तिला थांब म्हणू का? चल, काहीतरी ओढून बघू."

नदीकडं उतरणारा जुना कच्चा रस्ता. तिनं उताराकडं तोंड करून जीप वरच उभी केली, हँडब्रेक ओढला, चाकांपुढं दगड लावले. खाली सिमेंटचा एक खांब आडवा पडल्ता. प्रितमनं त्याला साखळी बांधली, साखळीत हूक अडकवला, अन् वर आला. दोर तिथवरच पुरला. पाणी त्याच्याही बरंच खाली.

तिनं विंचचं बटण दाबलं. मोटर गुरगुरली. खांब जरासा हलला... अन् अडला.

तिनं बटण सोडलं. मोटर बंद.

दोर मात्र ताणतच गेला.

जीपचं तोंड दबलं. दगड सरकले... जीप उताराला लागली. हळू.

"वहिनी, विंचचा क्लच सोडा, ड्रम मोकळा फिरंल. जाऊ द्या तो दोर."

बेबीनंदानं क्लचला हात लावला न्हाई. लाइटीचा उजेड खांबापर्यंतच. त्याच्या खाली... काहीच दिसंना. वारा न्हाई. पाण्याचा आवाज सुद्धा...

"राधेश्याम," ती म्हणाली. आवाज चढवला न्हाई. "मी खाली येणार न्हाई. यायचं असंल तर तू वर ये."

अन् बटण दाबलं.

मोटर रडायला लागली. वायर जळाल्याचा वास सुटला. जीप थांबली. दोर बोटभर आला... मंग हातभर. प्रितमनं डोळे मिटून घेतले. तिनं मिटले न्हाईत. अंगठा बटणावरच.

एकदम दोर ढिला पडला.

हूक वर आला. मोकळा.

बेबीनंदानं हूक जीपला अडकवला. म्हणाली, "बराबर चालती."

पहाटं फोन आला, ट्रॉली फसल्याचा. तिनं त्याच विंचनं ती काढली. आजबी तीच विंच वापरती. भाऊबंद आता गॅरेज विकायचं नाव काढत न्हाईत.

प्रितम उजाडल्यावर साखळी सोडायला उतारावर गेला. साखळी खांबाला तशीच होती, पक्की. पण मातीत काहीतरी फरपटत आल्याची खूण होती. माणसाच्या अंगाएवढी रुंद, ओली. पाण्यातून निघालेली, खांबाला वळसा घालून वर आलेली, रात्री जीप उभी होती थेट तिथपर्यंत.

परत खाली गेल्याची खूण... त्यानं लई शोधली.